दीड मिलिमीटर कमी

खजुरीच्या शाळेत मी मराठीचा मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी सोनकांबळे सर प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून भाकरी खात होते. पुढच्या अकरा वर्षांत मी त्यांना शाळेत बसून जेवताना फारसं पाहिलं नाही. डावा हात खिशात, उजव्या हातात भाकरीची घडी, घडीत शेंगदाण्याची चटणी आणि नजर पटांगणावर. मी ओळख करून दिली. मन्नाएखेळ्ळीचा, घर धनगराचं, आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता शेती. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "मराठीवाले म्हणजे गोष्टी सांगणार तुम्ही. सांगा. पण एखादं पोरगं 'कशावरून' म्हणालं तर त्याला मारू नका."

'कशावरून' हा त्यांचाच शब्द. आज शिपाई येणार नाही म्हटलं तरी कशावरून, पाऊस येईल म्हटलं तरी कशावरून. त्यात खवचटपणा नसायचा. त्यांना खरंच उत्तर हवं असायचं. मुंग्या अंडी हलवायल्यात म्हणून सांगितलं, तर ते बाहेर जाऊन मुंग्या बघून यायचे.

प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि एक व्हर्नियर कॅलिपर. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारं ते माप सर स्वतःच्या रुमालात गुंडाळून कपाटात ठेवायचे. नववीच्या प्रत्येक पोराला त्यानं एकच काचेची गोटी दहा वेळा मोजायला लागायची. एखाद्यानं दहाही मापं सारखी लिहून आणली की सर वही परत करायचे. "खोटं लिहिलास. माणसाच्या हातानं दहादा सारखं येत न्हाई. परत मोज."

एकदा गावात एक भगत आला. लिंबू कापून त्यातून रक्त काढून दाखवायचा आणि घरावर करणी झाली आहे म्हणून सांगायचा. दुसऱ्या दिवशी सरांनी प्रार्थनेनंतर सुरी आणि लिंबू घेतलं आणि सगळ्या शाळेसमोर तसंच रक्त काढलं. मग सुरीवर आधी जास्वंदीचं फूल कसं चोळायचं तेही शिकवलं. संध्याकाळी मी स्टँडवर गेलो, तर सर त्याच भगताला हॉटेलात चहा पाजत बसलेले. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याचा धंदा बुडवलो, चहा तरी पाजायला पायजे की."

असा हा माणूस. त्यामुळे पुढं जे झालं, ते दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

कलबुर्गीला धम्म परिषद होती. जपानहून काही पाहुणे आले होते आणि सर स्वयंसेवक म्हणून पाणी, सतरंज्या, बसायची व्यवस्था बघत होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्या पाहुण्याला सर आवडले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मध्ये एक दुभाषी मुलगी होती. निघताना त्या पाहुण्यानं कापडी बटव्यातून एक नाणं काढून सरांच्या हातावर ठेवलं. गोल, तांबूस काळं, मध्ये चौकोनी भोक, भोकाच्या चार बाजूंना चार अक्षरं आणि मागं एकच अक्षर. मुलीनं सांगितलं, "म्हणतायत, हे मोठ्या बुद्धाचं आहे."

सर गावी आले ते ताप चढल्यासारखे. सहा महिने त्यांना दुसरं काही सुचलं नाही. मोबाइलवर शोधायचे, कलबुर्गीच्या एका ग्रंथालयातून इंग्रजी पुस्तकं आणायचे, रात्रभर वाचलेलं दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्हाला सांगायचे. जपानात ही नाणी ठशानं पाडत नसत, ओतत असत. वाळूत नमुन्याचं नाणं दाबायचं, काढायचं, झालेल्या खड्ड्यात वितळलेलं तांबं सोडायचं. झाडाला पानं लागावीत तशी एका दांड्याला नाणी लागून यायची. ती तोडायची, चौकोनी सळईत ओवून त्यांचे काठ घासायचे. सरांच्या नाण्यामागं होतं ते 'बुन' अक्षर ज्यांच्यावर आहे, त्या नाण्यांची एक हकीकत. क्योटो शहरात एक प्रचंड बुद्धमूर्ती होती. साडेतीनशे वर्षांपूर्वी भूकंपात ती मोडली. तेव्हा सरकारनं ती वितळवली आणि त्या धातूची ही नाणी ओतली, असं लोक मानतात.

"लोक मानतात, का तसं आहे?" मी विचारलं होतं. त्यांचाच शब्द त्यांच्यावर टाकायचा म्हणून गमतीनं विचारलं होतं.

सर माझ्याकडं बघून हसले. म्हणाले, "गुरुजी, विचार करा. मूर्ती देवळात होती तवर लांबून हात जोडायचे. वितळली आन हमालाच्या हातात गेली, धोब्याच्या हातात गेली, मासे विकणाऱ्या बाईच्या हातात गेली. माझा बाप मोठ्या देवळाच्या पायरीपर्यंत पण जाऊ शकत नव्हता. आन हे आपल्या मुठीत."

हे बोलताना त्यांनी खरोखर मूठ मिटली होती. मी पुन्हा काही विचारलं नाही.

बुद्धपौर्णिमेला त्यांनी विहारात भाषण केलं. खजुरीचा विहार म्हणजे एक साधा हॉल, पुढं निळा रंग दिलेला ओटा, आत मूर्ती. सर विहार समितीचे सचिव होते. अध्यक्ष होते दिगंबरअण्णा, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, सरळ माणूस. सरांनी त्या दिवशी मुठीची तीच गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाले, "या नाण्यात त्या बुद्धाचं तांबं आहे." लोक मानतात, असं म्हणाले नाहीत. आहे, म्हणाले. बायका रडल्या. नाणं समितीला दिलं. काचेची छोटी पेटी आली, पेटीला कुलूप आलं, किल्ली सचिव म्हणून सरांकडंच राहिली.

पाण्याचं कधी सुरू झालं, कुणी सुरू केलं, कुणालाच नक्की सांगता येत नाही. कुणी आजारी असलं की घरचे येऊन किल्ली मागायचे, नाणं तांब्याभर पाण्यात ठेवायचे, पाणी घेऊन जायचे. सरांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसून सोडून दिलं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी तर सगळेच पितात, त्यात काय वाईट, असं म्हणाले. किल्ली ते स्वतःच द्यायचे. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नंतर त्यांनीही हे कधी लपवलं नाही.

वर्षभरानं एका सकाळी प्रार्थना चालू असताना पाचवीतली प्रज्ञा खाली कोसळली. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. पोरं ओरडून मागं सरली. सर धावत गेले, तिच्या डोक्याजवळचे दगड बाजूला केले, तिला कुशीवर वळवलं आणि मनगटावरच्या घड्याळात बघत बसून राहिले. कुणीतरी चप्पल हुंगवायला आणली, त्याला नुसत्या हातानं मागं सारलं. आकडी थांबल्यावर त्यांनी तिचं तोंड पुसलं.

तिची आई रंजना रानातून पळत आली. हाताला अजून माती होती.

"हिच्या गोळ्या चालू होत्या न्हवं?" सरांनी विचारलं. "उमरग्याच्या डॉक्टरच्या?"

"आमी बंद केलाव सर."

"कधी?"

"दोन म्हैने झाले. गोळ्यांनी पोरगी सुस्त व्हयलती. आता तुमच्या नाण्याचं पाणी द्यायलाव."

सर हळूच म्हणाले, "रंजना, पाण्यानं आकडी थांबत न्हाई. मी सांगायलोय."

"बुद्धाचं अंग हाय त्यात. तुमीच सांगितलाव की सर."

ती उर्मट नव्हती. अगदी विश्वासानं बोलत होती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत डोकावलो, तर टेबलावर ते नाणं होतं आणि सर कॅलिपर घेऊन बसले होते. वहीत दहा मापं लिहिलेली. सगळी थोडी थोडी वेगळी.

"या अक्षराची अस्सल नाणी पंचवीस मिलिमीटरच्या आसपास भरतात," ते म्हणाले. "हे साडेतेवीस आहे. दीड मिलिमीटर कमी."

"झिजलं असेल सर. एवढ्या वर्षांचं."

"झिजलं तर आधी अक्षरं झिजतील. काठ एवढा जाणार न्हाई." त्यांनी खिशातून चुंबक काढला, दोऱ्याला बांधून नाण्याजवळ नेला. चुंबक किंचित नाण्याकडं ओढला गेला. "तांब्याला चुंबक लागत न्हाई. यात लोखंड मिसळलंय."

मी खुर्ची ओढून बसलो. त्यांनी वही मिटली.

"गुरुजी, मी तीस वर्षं पोरांना माप घ्यायला शिकवतोय. हे नाणं दीड वर्ष माझ्याजवळ आहे. मी एकदाही मोजलं न्हाई."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बीदरला गेलो. तिथल्या बिदरी काम करणाऱ्यांच्या गल्लीत एक उस्ताद माझ्या वडिलांच्या ओळखीचे होते. जस्त आणि तांबं वितळवून वाळूच्या साच्यात सुरया, हुक्के, डब्या ओतण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सरांनी रुमाल सोडून नाणं पुढं केलं आणि ते कुठून आलं यातलं काही सांगितलं नाही. उस्तादांनी ते उजेडाकडं धरलं, अंगठ्याचं नख काठावरून फिरवलं, भोकाच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेली एक केसासारखी चीर दाखवली.

"धात कच्ची है मास्टरसाब, इसलिए चिरी," ते म्हणाले. "और ये असल नमूने पो का नक्को समझो. पैसे पो से पैसा बनाए सो है. असल सिक्के कू रेती में दबाए, उस में ढाले. धात ठंडी हुई तो सिकुड़ती. इसलिए छोटा आया."

म्हणजे टांकसाळीत मुद्दाम मोठा नमुना ठेवत, धातू थंड होऊन आकसला तरी नाणं बरोबर मापाचं यावं म्हणून. ज्याच्याकडं असा नमुना नाही, तो बाजारातलंच नाणं वाळूत दाबणार आणि त्याचं पिल्लू आकारानं कमीच निघणार. कुठल्यातरी जपानी गावात, कुठल्यातरी चोरून चालवलेल्या भट्टीत, लोखंड आणि भंगार घालून ओतलेलं ते पिल्लू होतं.

सरांनी उस्तादांचे आभार मानले, नाणं रुमालात बांधलं. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "त्या पाहुण्यानं फसवलं न्हाई मला. त्यालाही कुणीतरी असंच दिलं असणार. फसवलो ते मी. त्या दिवशी मला 'कशावरून' नको होतं."

मन्नाएखेळ्ळीला मी उतरलो. आई आजारी होती, रात्र तिथंच राहिलो. सर नाणं घेऊन एकटेच पुढं खजुरीला गेले. ही साधी गोष्ट. पण पुढं ती फार महागात पडली.

पुढच्या पौर्णिमेला सर विहारात बोलायला उभे राहिले. मी मागं बसलो होतो. त्यांनी ठरवलं होतं की लोकांना एकदम धक्का द्यायचा नाही, समजावून न्यायचं. म्हणून त्यांनी जपानच्या नाण्यांचा इतिहास सुरू केला. तांब्याची खाण आटत गेली, तांबं परदेशी जहाजांतून बाहेर गेलं, त्यातलं काही आपल्या देशातही आलं. मग सरकारनं नाणी लहान केली. शिसं वाढवलं, नुसत्या लोखंडाची नाणी ओतली. एक मोठं नाणं काढलं, दहाच्या मोलाचं म्हणून सांगितलं, अंगात धातू मात्र दोन-तीन नाण्यांचा. त्यावर अक्षरं लिहिली, 'जगात सदैव चालावे.' लोकांनी ते घ्यायचं नाकारलं आणि वर्षभरात सरकारला ते मागं घ्यावं लागलं. पुढं एक लांबट नाणं आलं. "तोंडानं शंभर, अंगानं पाच-सहा," सर म्हणाले. लोक हसले. सरांना वाटलं, लोक आपल्यासोबत येत आहेत. ते म्हणाले, धातू खोटा झाला की आधी कळत नाही, कारण अक्षरं तीच असतात. माणूस अक्षरं वाचतो, धातू बघत नाही.

भाषण संपलं. टाळ्या पडल्या. एका बाईनं येऊन त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "सर, सगळी नाणी खोटी निघाली, पण आपलं तेवढं खरं हाय."

सर पुन्हा माइकसमोर गेले आणि सरळ बोलले, "आपलं नाणं खोटं आहे. नकली. त्यात बुद्धाचं तांबं न्हाई. माझं चुकलं. त्याचं पाणी कुणालाही पाजू नका, पोरांच्या गोळ्या बंद करू नका."

दिगंबरअण्णा उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"सर, कशावरून म्हणायलाव?"

"मोजून बघितलो. बीदरला दाखवून आणलो."

"बीदरला नेलताव?" दिगंबरअण्णांनी थांबून विचारलं. "कधी?"

"मागच्या म्हैन्यात."

"समितीला इचारलाव?"

"न्हाई. किल्ली माझ्याकडं होती."

"म्हणजे नाणं पेटीतून काढून बीदरला नेलाव, आन परत आणून ठेवलाव. आन आता म्हणायलाव की पेटीतलं नाणं नकली हाय."

"व्हय."

"मग नेलेलं आन आणलेलं एकच हाय, हे कशावरून?"

सरांच्या चेहऱ्याकडं मी बघत होतो. ते प्रश्नावर चिडले नाहीत. प्रश्न बरोबर आहे, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार. ते उत्तर शोधू लागले. पाहुण्यानं दिलं तेव्हा मोजलं नव्हतं. पेटीत ठेवताना मोजलं नव्हतं. पहिलं माप घेतलं ते एकट्यानं, बंद खोलीत.

मी उठलो. म्हणालो, "मी सोबत होतो. तेच नाणं आहे."

"गुरुजी, तुमी परत संगंच आलाव?" दिगंबरअण्णांनी विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. पण सर माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्यासमोर खोटं माप सांगायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "नाही. मी मन्नाएखेळ्ळीला राहिलो. सर एकटे आले."

मागून कुणीतरी म्हणालं, "बीदरात असल्या जुन्या चिजा घेणारे लई हायत." पुढं कुणी काही बोलायची गरजच नव्हती.

दिगंबरअण्णा दोन दिवसांनी सरांच्या घरी आले. मी तिथंच होतो. सरांच्या पत्नी, निर्मलावहिनी, चहा ठेवून दाराशी उभ्या राहिल्या. अण्णा म्हणाले, "सर, मला तुमच्यावर शंका न्हाई. पण लोकांचं तोंड बंद व्हायला पायजे. पुढच्या पौर्णिमेला एवढंच म्हणा, बीदरच्या माणसाचं चुकलं, नाणं खरंच हाय. सगळं मिटतंय."

"आन पाणी?"

"पाणी प्यायले तर प्यायले, सर. कुणाचं काय जायलंय?"

"प्रज्ञाची आकडी बघितलाव का तुम्ही?"

अण्णा चहा न पिता गेले. सरांनी त्यांच्या मागं जाऊन पेटीची किल्ली आणि सचिवपदाचा राजीनामा त्यांच्या हातात दिला.

मग ते दिवस सुरू झाले. प्रयोगशाळेच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं 'नाणेचोर' लिहिलं. सर त्याच भिंतीला पाठ करून शिकवत राहिले, शेवटी मुख्याध्यापकांनी चुना मारून घेतला. किराणा दुकानात ते गेले की बोलणं थांबायचं. बदली मागा, मी म्हणालो. ते म्हणाले, "गेलो तर पळून गेला म्हणतेत. राहिलो तर निर्लज्ज म्हणतेत. दोन्ही सारखंच आहे. मग पोरांचं वर्ष कशाला मोडा?" बोलले तर खोटं वाढत होतं, गप्प राहिले तर तेही कबुलीसारखं दिसत होतं. घर, शाळा आणि विहाराचं दार, एवढ्यातच ते फिरायचे. विहारात जाणं त्यांनी सोडलं नाही. सगळ्यांत मागं, दारातल्या चपलांशेजारी बसायचे. जवळची सतरंजी रिकामी राहायची.

महिन्याभरानं रंजना शाळेत आली. प्रज्ञाला उमरग्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं, रजा हवी होती. सर व्हरांड्यात उभे होते. तिनं त्यांच्याकडं पाठ केली आणि मला मोठ्यानं सांगितलं, "गुरुजी, आमी गोळ्या परत चालू केलाव. खोट्या नाण्याचं पाणी पाजून काय करू? खरं नाणं कुणाच्या घरी गेलं, ते त्यालाच ठाऊक."

ती गेल्यावर सर माझ्याजवळ आले. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर काहीतरी उजळलेलं दिसलं.

"ऐकलाव? गोळ्या चालू केल्यात."

"तुम्हाला चोर समजून, सर."

"कसं का असंना." जरा थांबून म्हणाले, "मी दोनदा सांगून बघितलो, कुणी ऐकलं न्हाई. मी चोर झालो, तवा नाणं खोटं झालं. आता पेटीकडं कुणी फिरकत न्हाई."

तेव्हा मला त्याचा पुरता अर्थ कळला नव्हता. तो कळला दोन वर्षांनी.

शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एका मुलानं कलबुर्गीच्या परिषदेचे फोटो टाकले. तोही तिथं स्वयंसेवक होता. एका फोटोत जपानी पाहुण्याचा तळहात होता आणि त्यावर नुकतंच बटव्यातून काढलेलं नाणं. मी फोटो मोठा केला. चौकोनी भोकाच्या खालच्या कोपऱ्यातून एक केसासारखी चीर काठाकडं गेलेली होती. उस्तादांनी दाखवली होती तीच. मी विहारात गेलो, पेटीवरची धूळ पुसली, काचेला डोळा लावला. चीर तिथंच होती. सर नाणं बीदरला नेण्याच्या किती आधी, म्हणजे ज्या दिवशी ते त्यांना मिळालं त्याच दिवशी, नाणं हेच होतं.

मी तसाच सरांच्या घरी गेलो. निर्मलावहिनींनी फोटो बघितला आणि खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. "दोन वर्षं झाली, भाऊजी, माझ्या हातचं साधं पाणीबी कुणी घेत न्हाई. माझ्या भाचीच्या लग्नात मला मागं बसवलं. हे आत्ताच्या आत्ता अण्णांना दाखवा."

सरांनी मोबाइल हातात घेतला. चष्मा वर करून बराच वेळ बघितला. मग माझ्या हातात परत दिला.

"हे कुणाला दाखवू नका."

"कामून?" वहिनींचा आवाज चढला. "कामून दाखवायचं न्हाई?"

"निर्मला, ऐक. हे दाखवलं की काय म्हणतील? सर चोर न्हाईत. सर चोर न्हाईत, म्हणजे पेटीतलं नाणं तेच, पाहुण्यानं दिलेलं. बुद्धाचं. त्याच संध्याकाळी कुणीतरी तांब्या घेऊन येतंय."

"पण ते खोटं हाय म्हणून तुमी परत सांगा की."

"सांगितलो होतो की. दोनदा. काय झालं?"

"मग आमी असंच मरायचं?"

सरांनी वहिनींच्या शेजारी, जमिनीवर, बसकण मारली.

"मी केलोय ते मी भोगायलोय. तुला उगाच भोगावं लागायलंय, ते खरं आहे. त्याला माझ्याकडं उत्तर न्हाई. तू म्हणशील तर दाखवू. तुझ्या शब्दाबाहेर जात न्हाई मी."

वहिनी रडत राहिल्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्यांनी डोळे पुसले, मोबाइल धरलेला माझा हात मागं सारला आणि मला म्हणाल्या, "चहा ठेवते, भाऊजी. बसा." एवढंच. मला त्या क्षणी सरांपेक्षा वहिनींचा जास्त आदर वाटला, आणि तो आजही कमी झालेला नाही.

फोटो माझ्याकडं आहे. बरोबर केलं की चूक, मला ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, लोकांना आम्ही फार कच्चं समजलो. फोटो आणि डॉक्टर दोन्ही सोबत नेले असते, पुन्हा पुन्हा सांगितलं असतं, तर त्यांनी ऐकलंही असतं. सरांना मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, "ऐकतील कदाचित. पण न्हाई ऐकलं तर त्याची किंमत एखाद्या लेकराला भरावी लागंल. ते माप मी घेऊ शकत न्हाई." पुढं त्या विषयावर आम्ही बोललो नाही. माझी बदली झाली, सर निवृत्त झाले आणि खजुरीतच राहिले.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो. परत निघताना ते आळंदपर्यंत सोबत आले, पेन्शनच्या कागदावर सही करायची होती म्हणून. बस भरलेली होती. मला खिडकीची जागा मिळाली, शेजारी सर. तीन थांबे गेले आणि रंजना चढली. मागून प्रज्ञा. आता उंच झालेली, कॉलेजचा गणवेश, दोन वेण्या, खांद्यावर दप्तर. तिच्या आईच्या हातात दवाखान्याची पारदर्शक पिशवी होती, आत फाइल आणि गोळ्यांची पाकिटं दिसत होती.

सर उठले. काही न बोलता त्यांनी जागेकडं हात केला आणि दोन पावलं पुढं सरकून दांडा धरला.

प्रज्ञा बसायला वळली. रंजनानं तिचं मनगट धरलं. जोरात नाही, नुसतं धरलं. मुलगी थांबली. तिनं एकदा सरांकडं बघितलं, एकदा आईकडं, आणि दप्तर सावरून उभी राहिली.

आळंद यायला अर्धा तास होता. रस्ता खराब, बस हेलकावे खात होती. सर पुढं तोंड करून दांड्याला धरून उभे होते. त्यांच्या मागं मायलेकी उभ्या होत्या. चढणारे-उतरणारे लोक त्या रिकाम्या जागेकडं बघायचे, मग त्या तिघांकडं, आणि पुढं जायचे. मी खिडकीशी बसून होतो, शेजारची जागा आळंदपर्यंत तशीच राहिली.